जिमखान्याची फाइल कोणाच्या टेबलावर?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाला कबड्डीची मॅट घ्यायची आहे. निर्णय कोणाचा? शारीरिक शिक्षण संचालक म्हणतात, प्राचार्यांना विचारा. प्राचार्य म्हणतात, प्रस्ताव संस्थेकडे गेलाय. संस्थेचे पदाधिकारी म्हणतात, विद्यापीठाकडून काही अनुदान मिळते का ते आधी बघा. विद्यापीठ म्हणते, सुविधा देणे ही महाविद्यालयाची जबाबदारी. यातला कोणीही खोटे बोलत नाही. प्रत्येकाच्या हाती कारभाराचा एकेक तुकडा खरोखरच आहे. तोवर मुले मात्र मातीवर सराव करतात आणि पुढच्या फेरीत मॅटवर उतरली की त्यांचे पाय घसरतात.

महाविद्यालयीन खेळ म्हटले की आपल्याला खेळाडू आठवतो, प्रशिक्षक आठवतो, फार तर ढाल आठवते. पण खेळाडूचे वर्ष कसे जाणार, हे बऱ्याच अंशी बैठकांमध्ये ठरते. अर्थसंकल्पात जिमखान्याला किती रक्कम धरली, मैदानाच्या जागेवर नवी इमारत मंजूर झाली का, सामना आणि परीक्षा एकाच दिवशी आली तर काय करायचे, मुलींच्या संघाबरोबर बाहेरगावी कोण जाणार, हे प्रश्न शिट्टीने सुटत नाहीत. ते सोडवायला विद्यापीठात आणि महाविद्यालयात कायद्याने नेमलेली मंडळे आहेत. या मंडळांचे काम काय, मर्यादा कोणती आणि नगर जिल्ह्यात ते कसे चालते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे.

एक जिल्हा, अनेक धनी

क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेल्या या जिल्ह्यातले विद्यार्थी एकाच विद्यापीठाचे नाहीत. कला, वाणिज्य, विज्ञान शाखांची बहुतेक महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. १९४९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाकडे सुरुवातीला पश्चिम महाराष्ट्राचा मोठा पट्टा होता. १९६२मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले, १९९०मध्ये जळगाव-धुळ्याकडे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले आणि पुण्याकडे पुणे, नगर, नाशिक हे तीन जिल्हे उरले.

राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. १९६८ साली सुरू झालेल्या या विद्यापीठाचा कारभार १९८३च्या कृषी विद्यापीठ कायद्यानुसार चालतो आणि तिथली सर्वोच्च कारभारी संस्था म्हणजे कार्यकारी परिषद. तिच्यात विधिमंडळाचे सदस्य असतात, प्रगतिशील शेतकरीही असतात. लोणीचे प्रवरा वैद्यकीय विज्ञान संस्थेचे विद्यापीठ अभिमत आहे, म्हणजे त्याच्या कारभाराला विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम लागू होतात. विळद घाटातले वैद्यकीय महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेले आहे. तंत्रनिकेतनातली पदविकेची मुले या सगळ्यांच्या बाहेर. त्यांच्या स्पर्धा ‘आयईडीएसएसए’ ही पदविका विद्यार्थ्यांची क्रीडा संघटना घेते.

त्यात आणखी एक गुंता आहे. ज्या आवारात वरिष्ठ महाविद्यालय, त्याच आवारात कनिष्ठ महाविद्यालय. अकरावी-बारावीचा खेळाडू शालेय क्रीडा स्पर्धांत खेळतो आणि त्याचा संबंध येतो जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाशी. तोच मुलगा पुढच्या वर्षी एफ.वाय.ला गेला की विद्यापीठाचा खेळाडू होतो. मैदान तेच, अनेकदा मार्गदर्शकही तोच, पण नियमपुस्तिका बदलते, अर्ज बदलतात, पैशाची वाट बदलते. बारावीला राज्यस्तरावर चमकलेली मुलगी पदवीच्या पहिल्या वर्षात कुठे हरवते, याचे एक उत्तर या सांध्यात सापडते. हा सांधा जुळवण्याचे काम कोणत्याही एका मंडळाकडे सोपवलेले नाही.

पुण्याच्या टेबलावर काय ठरते?

पुणे विद्यापीठापुरते बोलायचे तर पायाभूत दस्तऐवज म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६. तो मार्च २०१७पासून लागू झाला. या कायद्याने विद्यापीठाची जी प्राधिकरणे ठरवली, त्यांत अधिसभा, व्यवस्थापन परिषद आणि विद्या परिषद ही मोठी नावे सर्वांना माहीत असतात. पण त्याच यादीत क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळही आहे. म्हणजे खेळ हा एखाद्या विभागाचा जोडधंदा न मानता कायद्याने त्याला स्वतंत्र प्राधिकरणाचा दर्जा दिला. शिवाय क्रीडा व शारीरिक शिक्षण संचालक हा विद्यापीठाचा अधिकारी असतो.

कामाची वाटणी साधारण अशी. क्रीडा मंडळाने वर्षाचा कार्यक्रम, स्पर्धांचे धोरण, खेळाला चालना देण्याच्या योजना पाहायच्या. संचालकाने ते प्रत्यक्षात आणायचे. व्यवस्थापन परिषद ही कार्यकारी आणि धोरण ठरवणारी संस्था, त्यामुळे पैसा, पदे, बांधकाम, करार यांवर तिचा शब्द महत्त्वाचा. विद्या परिषद अभ्यासक्रमाची आणि शैक्षणिक नियमांची धनी. अधिसभेकडे अंदाजपत्रक, वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षण अहवाल येतात. कायद्याने तिला आर्थिक अंदाज मंजूर करण्याचे आणि समाजाचे म्हणणे विद्यापीठापर्यंत पोचवण्याचे काम दिले आहे.

अधिसभेत प्राचार्यांचे, संस्थाचालकांचे, शिक्षकांचे आणि नोंदणीकृत पदवीधरांचे निवडून आलेले प्रतिनिधी बसतात. पदवीधरांच्या दहा जागा असतात. पुणे विद्यापीठात त्यांची निवडणूक २०२२मध्ये झाली, तेव्हा पुण्याबरोबर नगर आणि नाशिकमधल्या पदवीधरांनीही मतदान केले. प्रचारात परीक्षांचे निकाल, शुल्क, वसतिगृह हे विषय असतात. जिमखाना क्वचितच असतो.

स्पर्धांची शिडी तीन-चार पायऱ्यांची आहे. आधी महाविद्यालयाचा संघ निवडायचा. मग नगर विभागातल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. त्या विभागीय क्रीडा समितीच्या देखरेखीखाली होतात आणि प्रत्येक खेळाचे यजमानपद कोणत्या ना कोणत्या महाविद्यालयाकडे जाते. त्यानंतर पुणे शहर, पुणे जिल्हा, नगर आणि नाशिक या विभागांचे संघ एकमेकांशी खेळतात आणि त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. हा संघ पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो, तिथून अखिल भारतीय पातळीवर. या स्पर्धा भारतीय विश्वविद्यालय महासंघाच्या छत्राखाली होतात. सर्व खेळांत मिळून सरस ठरलेल्या विद्यापीठाला मौलाना अबुल कलाम आझाद करंडक मिळतो. राज्यातल्या विद्यापीठांसाठी राज्यपालांच्या, म्हणजे कुलपतींच्या पुढाकाराने ‘अश्वमेध’ हा क्रीडा महोत्सव भरतो. २०२०मध्ये भुवनेश्वरला पहिल्यांदा झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेने या शिडीला आणखी एक पायरी जोडली.

नगरच्या मातीतले क्रिकेटपटू म्हणून श्रीरामपूरच्या जहीर खानचे आणि संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दला जन्मलेल्या अजिंक्य रहाणेचे नाव निघते. पण जहीरने अभियांत्रिकीचे शिक्षण सोडून मुंबई गाठली आणि रहाणे डोंबिवलीत वाढला. क्रिकेटची वाट क्लबातून आणि संघटनेतून जाते, तिला महाविद्यालयावाचून अडत नाही. कबड्डी, खो-खो, कुस्ती, व्हॉलीबॉल, क्रॉसकंट्री यांचे तसे नाही. पारनेर, जामखेड, अकोले इथल्या मुलामुलींना स्पर्धेची पहिली गंभीर संधी अनेकदा महाविद्यालयाच्या बनियनमध्येच मिळते. म्हणून या खेळांसाठी कारभारी मंडळाचा निर्णय जास्त मोलाचा ठरतो.

खरी किल्ली संस्थेकडे

विद्यापीठ स्पर्धा घेते. मैदान, साहित्य, रोजचा सराव, प्रवासभत्ता आणि संघाचा गणवेश हे सगळे महाविद्यालयाचे, म्हणजे पर्यायाने ते चालवणाऱ्या संस्थेचे असते. नगर जिल्ह्यात या संस्थांचे स्वभाव वेगवेगळे आहेत, कारण त्यांचे जन्म वेगवेगळे आहेत. अहमदनगर महाविद्यालय १९४७ साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांच्या प्रयत्नांतून उभे राहिले. अहमदनगर जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाज १९१८चा, त्याचे न्यू आर्ट्स महाविद्यालय १९७०चे. पेमराज सारडा महाविद्यालयामागे हिंद सेवा मंडळ आहे. प्रवरानगर, संगमनेर, कोपरगाव, सोनई इथल्या संस्था सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरात आणि त्यांच्याच नेतृत्वाखाली वाढल्या. तिथे संस्थेचा अध्यक्ष, कारखान्याचा कर्ताधर्ता आणि आमदार या भूमिका एका घरात असणे नवल नाही.

याचे फायदे आहेत. अध्यक्षांच्या मनात आले तर मैदान एका हंगामात सपाट होते, रोलर कारखान्याच्या यार्डातून येतो. तोटाही तिथेच आहे. मनात आले तर होते, म्हणजे मनात नसले तर होत नाही. व्यक्तीच्या आवडीवर चाललेला क्रीडाविभाग त्या व्यक्तीबरोबर खाली बसतो. अध्यक्षांना कुस्ती आवडते म्हणून तालीम उभी राहते आणि पलीकडे मुलींच्या खो-खोच्या संघाला खांब मिळत नाहीत.

रयत शिक्षण संस्थेची महाविद्यालये श्रीरामपूर, कोपरगाव, कर्जत इथे आहेत. या संस्थेचे मुख्यालय साताऱ्यात. समजा, कर्जतच्या महाविद्यालयाला मॅट हवी आहे. शारीरिक शिक्षण संचालकाने मागणीपत्र लिहायचे, जिमखाना समितीने शिफारस करायची, प्राचार्यांनी ते अंदाजपत्रकात धरायचे, महाविद्यालय विकास समितीने त्यावर चर्चा करायची. मोठा खर्च असेल तर प्रस्ताव संस्थेच्या उत्तर विभागाकडून साताऱ्याकडे जाणार. मग कोटेशन, खरेदी समिती, मंजुरी. पुरुषांचे कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. त्याच्या भोवतीची मोकळी जागा धरून मॅट लागते. जूनमध्ये निघालेली फाइल ऑगस्टच्या आत परत आली नाही तर त्या वर्षीचा हंगाम हातचा गेला, कारण विभागीय सामने पावसाळा सरताच सुरू होतात. इथे कोणी अडवणूक करतो असे नाही. शैक्षणिक वर्षाचे आणि खेळाच्या हंगामाचे कॅलेंडर एकमेकांशी जुळत नाही, एवढेच.

या साखळीत सर्वांत दुर्लक्षित पण सर्वांत उपयोगी कडी म्हणजे महाविद्यालय विकास समिती. २०१६च्या कायद्याने ती प्रत्येक संलग्न महाविद्यालयाला सक्तीची केली. संस्थेचे अध्यक्ष किंवा त्यांचे प्रतिनिधी तिचे अध्यक्ष, प्राचार्य सदस्य-सचिव. शिक्षकांनी निवडून दिलेले तीन शिक्षक त्यात असतात, त्यांत किमान एक महिला. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी असतो. शिक्षण, उद्योग, संशोधन, समाजसेवा या क्षेत्रांतले चार स्थानिक सदस्य असतात, त्यांत किमान एक माजी विद्यार्थी. विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव यांनाही जागा आहे. वर्षातून किमान चार बैठका घ्याव्या लागतात. महाविद्यालयाचा विकास आराखडा, अंदाजपत्रक आणि अभ्यासेतर उपक्रमांचा दर्जा हे तिच्याच कामात येते.

चार स्थानिक सदस्यांपैकी एखादी जागा जुन्या विद्यापीठ खेळाडूला देता येते. कायद्यानुसार शारीरिक शिक्षण संचालकाची गणना शिक्षकांत होते, त्यामुळे तोही निवडून येऊ शकतो. हे दोन्ही दरवाजे उघडे असताना बहुतेक ठिकाणी समितीच्या इतिवृत्तात खेळाचा उल्लेख कशाने होतो? अभिनंदनाच्या ठरावाने. विद्यार्थी परिषदेचे तर दुखणेच निराळे. कायद्याने खुल्या निवडणुकांची तरतूद केली, पण त्या वर्षानुवर्षे रखडल्या. विद्यार्थी परिषदेत क्रीडा प्रतिनिधीला जागा आहे. परिषदच नीट उभी नसेल तर खेळाडूचा आवाज समितीच्या दारातही पोचत नाही.

मंडळ झोपले की काय होते?

महाविद्यालयीन खेळावर कारभारी मंडळांनी लक्ष ठेवावे, ही चर्चा सर्वांत जास्त अमेरिकेत झाली, कारण तिथे विद्यापीठाचा खेळ हा प्रचंड धंदा आहे. १९०५च्या हंगामात तिथल्या फुटबॉलमध्ये अनेक तरुण दगावले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना लक्ष घालावे लागले आणि पुढच्याच वर्षी नियम करणारी राष्ट्रीय संघटना जन्माला आली. तीच आजची ‘एनसीएए’.

त्यानंतर शतकभराने पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात जे घडले, ते जगभरच्या विद्यापीठ मंडळांना हादरवून गेले. फुटबॉल संघाच्या माजी सहायक प्रशिक्षकावर लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप झाले आणि नोव्हेंबर २०११मध्ये त्याला अटक झाली. वरिष्ठांना आधी कुणकुण लागूनही प्रकरण दाबले गेले, असे चौकशीत समोर आले. एफबीआयचे माजी संचालक लुई फ्री यांनी जुलै २०१२मध्ये दिलेल्या अहवालात विश्वस्त मंडळालाही सोडले नाही. अधिकाऱ्यांना जाब विचारण्याचे आपले काम मंडळाने केले नाही, हा त्यातला ठपका. विद्यापीठाला ६ कोटी डॉलरचा दंड झाला. संघ जिंकत होता, स्टेडियम भरत होते, म्हणून कोणी विचारले नाही.

आपल्याकडे दुखणे उलटे आहे. तिथे खेळात पैसा इतका की मंडळ दिपून गेले. इथे पैसा इतका कमी की मंडळाला त्यात लक्ष घालण्याजोगे काही वाटत नाही. परिणाम मात्र सारखाच होतो. विचारणारे कोणी नसते.

विचारणारी व्यवस्था नसली की भार एखाद्या भल्या माणसावर पडतो. खाशाबा जाधवांची गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. आज पुणे विद्यापीठाचे क्रीडा संकुल खाशाबांच्या नावाने आहे, ते योग्यच. पण ही गोष्ट आपण प्राचार्यांच्या थोरवीसाठी सांगतो आणि तिथेच थांबतो. प्राचार्यांना घर गहाण टाकावे लागले, याचा अर्थ त्या खर्चाची तरतूद कोणत्याही अंदाजपत्रकात नव्हती. प्रत्येक महाविद्यालयात खर्डेकर जन्माला येतील या भरवशावर खेळ चालवता येत नाही.

एका सहीची किंमत

लक्ष ठेवण्याची गरज फक्त खर्चासाठी नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी खेळाडूचा पात्रता अर्ज भरावा लागतो. त्यात वय बघतात, साधारणपणे १७ ते २५ वर्षांची मर्यादा असते. तो पूर्णवेळ विद्यार्थी आहे ना, बारावीनंतर किती वर्षे गेली, प्रवेश कधीचा, हे बघतात. खाली प्राचार्यांची आणि विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांची सही. दिसायला हे एक पान. पण केवळ सामने जिंकण्यासाठी सत्राच्या तोंडावर प्रवेश दिलेला तयार खेळाडू आणि वर्षभर वर्गात बसणारा खेळाडू यांतला फरक याच पानावर ठरतो.

पुढे या कागदाची किंमत आणखी वाढते. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेचे प्रमाणपत्र आणि क्रीडा खात्याकडून त्याची पडताळणी लागते. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे नगरच्या प्रत्येक तालुक्यात पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात, त्यांना या टक्क्याचे मोल सांगायला नको. जिथे कागदाला एवढी किंमत येते तिथे बनावट कागदही येतात. राज्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघड झाली आणि खऱ्या खेळाडूंच्या पडताळणीचा व्याप वाढला तो त्यामुळेच. महाविद्यालयाने आपल्या खेळाडूंची, सामन्यांची आणि निवड चाचण्यांची नोंद वर्षागणिक नीट ठेवली, तर पाच वर्षांनी पडताळणीच्या रांगेत उभ्या राहिलेल्या मुलीला तिचा आधार मिळतो. ही नोंद आहे का, एवढे विचारायला मंडळाला खेळातले तज्ज्ञ असण्याची गरज नाही.

सुरक्षेचे तसेच. विभागीय स्पर्धेसाठी मुलींचा संघ अकोल्याहून, म्हणजे आपल्या अकोले तालुक्यातून, नगरला किंवा तिथून पुण्याला जातो तेव्हा सोबत महिला व्यवस्थापक आहे का? मुक्काम कुठे आहे? मैदानावर कपडे बदलायला जागा आहे का? कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३मध्ये आला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५च्या नियमांनी विद्यार्थिनींनाही ते संरक्षण स्पष्टपणे दिले. प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती हवी. पण संघाबरोबर प्रवासात असलेल्या मुलीला त्या समितीतल्या बाईंचा फोन नंबर माहीत नसेल, तर समिती भिंतीवरच्या फलकापुरती उरते. २०२३मध्ये देशातल्या नामांकित महिला कुस्तीपटूंना लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन दिल्लीत जंतर मंतरवर धरणे धरून बसावे लागले. इतक्या मोठ्या खेळाडूंना दाद मागायला रस्ता हे ठिकाण सापडले, तर तालुक्याच्या गावातल्या एकोणीस वर्षांच्या मुलीचे काय, हा प्रश्न महाविद्यालयाच्या मंडळासमोर यायला हवा.

खेळ आता श्रेयांकातही

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या सगळ्यात एक नवा विषय आणला. २०२४-२५पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत नव्या चौकटीचे पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. त्यांत सहशैक्षणिक विषयांना श्रेयांक आहेत आणि क्रीडा, योग, एनएसएस, एनसीसी यांना त्या खान्यात जागा मिळाली. याआधी खेळाडूला परीक्षेत सवलतीचे काही गुण मिळत. आता खेळ हा स्वतः अभ्यासक्रमाचा भाग झाला, म्हणजे विद्या परिषदेच्या कक्षेत आला.

कागदावर ही बढती आहे. प्रत्यक्षात पाहायला गेलो तर बहुतेक महाविद्यालयांत शारीरिक शिक्षण संचालकाचे एकच पद असते आणि विद्यार्थी हजारोंनी. या पदासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने लावलेली चाळणी कडक आहे. शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट तर हवीच, वर शारीरिक क्षमता चाचणी. तीस वर्षांपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने १२ मिनिटांत १,८०० मीटर अंतर कापायचे, महिलेने ८ मिनिटांत १,००० मीटर. प्राध्यापकाच्या निवडीत धावायला लावणारे हे एकमेव पद असेल. इतके पारखून घेतलेल्या माणसाकडे मग काय येते? ओळखपत्रांची कामे, शिस्त समिती, प्रवेशाच्या रांगा, निवडणुकीची ड्यूटी आणि आता शेकडो विद्यार्थ्यांचे श्रेयांक भरण्याचे तक्ते. संध्याकाळी मैदानावर जायला वेळ उरला तर सराव. आणि पद रिक्त असेल तर मराठीच्या नाहीतर भूगोलाच्या सरांकडे जिमखान्याचा ‘चार्ज’.

श्रेयांक कोणत्या कामगिरीला द्यायचे, हजेरी कशी मोजायची, जखमी खेळाडूचे मूल्यमापन कसे करायचे, हे विद्या परिषदेने आणि क्रीडा मंडळाने एकत्र बसून ठरवण्याचे विषय आहेत. तसेच आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि सत्र परीक्षा हिवाळ्याच्या तोंडावर एकमेकींवर येतात. विद्यापीठाचा संघ म्हणून ज्याला तुम्हीच पाठवले, त्याचा पेपर बुडाला तर पर्यायी व्यवस्था काय, याचे उत्तर खेळाडूला प्रवासाला निघण्यापूर्वी लेखी मिळायला हवे. परत आल्यावर अर्ज घेऊन खिडक्या फिरायला लावणे म्हणजे खेळल्याबद्दल शिक्षाच.

मंडळाने काय करावे, काय करू नये

कारभारी मंडळाची एक लक्ष्मणरेषा असते. संघात कोण खेळणार, कर्णधार कोण, कोणता खेळाडू बसवायचा, यात अध्यक्षांनी, विश्वस्तांनी किंवा अधिसभा सदस्यांनी पडू नये. आपल्याकडे नात्यागोत्याचा आणि पुढाऱ्यांच्या चिठ्ठीचा वावर असल्याने ही रेषा ठळकपणे आखावी लागते. संघ निवडणे हे निवड समितीचे काम. निवड समिती कशी नेमली, चाचणीची तारीख जाहीर झाली होती का, निकष आधी सांगितले होते का, नाकारलेल्या खेळाडूला दाद मागायला जागा आहे का, हे विचारणे मात्र मंडळाचेच काम. त्याने ते विचारले नाही तर निवड समितीवर दबाव आणणाऱ्यांचे फावते.

असे प्रश्न फार नाहीत. वर्षातून दोनदा, सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी, महाविद्यालय विकास समितीने ते कामकाजपत्रिकेवर घेतले तरी पुरे. विद्यार्थ्यांकडून जिमखाना शुल्क किती जमा झाले आणि त्यातले खेळावर किती खर्च झाले? मुलांच्या आणि मुलींच्या खेळांवरचा खर्च वेगवेगळा दाखवला आहे का? मैदान वर्षातून किती दिवस सरावासाठी मोकळे होते आणि किती दिवस मंडप, प्रदर्शने, वाहनतळ यांसाठी दिले गेले? दुखापत झाल्यास विमा आणि प्रथमोपचार यांची सोय काय? गेल्या वर्षी संघात असलेल्या मुलांपैकी किती जण पुढच्या वर्गात गेले? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण पदके मोजणे सोपे असते आणि मागे राहिलेला खेळाडू कोणत्याही फलकावर दिसत नाही.

विद्यापीठ पातळीवरही असेच. वार्षिक अहवालात जिंकलेल्या पदकांची यादी छापली जाते. त्याच अहवालात जिल्हावार हिशेब आला तर चित्र स्पष्ट होईल: तीन जिल्ह्यांतल्या किती महाविद्यालयांनी किती खेळांत भाग घेतला, किती ठिकाणी शारीरिक शिक्षण संचालकाचे पद भरलेले आहे, विद्यापीठाच्या संघात नगरची मुले किती. असा तक्ता मागायला व्यवस्थापन परिषदेला किंवा अधिसभेला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

आणि हे प्रश्न विचारणारे लोक कुठून येणार? ते आपल्यातूनच निवडून जातात. जिल्ह्यात पदवीधर लाखांनी आहेत. अधिसभेचा मतदार व्हायला स्वतंत्र नोंदणी करावी लागते, विधानसभेच्या यादीत नाव असून चालत नाही, आणि तिथेच बहुतेकांचा संबंध संपतो. पुढच्या निवडणुकीआधी आपल्या महाविद्यालयाच्या जुन्या खेळाडूंनी नोंदणी केली आणि मते मागायला आलेल्या उमेदवाराला जिमखाना शुल्काचा हिशेब विचारला, तर तो प्रश्न पुण्याच्या सभागृहात नक्की पोचेल. महाविद्यालय विकास समितीतली माजी विद्यार्थ्याची जागा रिकामी आहे की भरलेली, हे तर प्राचार्यांच्या कार्यालयात एका अर्जाने कळते.